शाळेच्या लॅबचं नेटवर्क: कोटेशनमधल्या कुठल्या वस्तूचं काय काम, आणि पैसे कुठे घालायचे

प्रश्न थोडक्यात असा: कोकणातल्या एका माध्यमिक शाळेत २४ संगणकांची लॅब उभी राहतेय. इंटरनेटचं फायबर कनेक्शन मुख्य इमारतीत, ऑफिसात आलेलं आहे. लॅब मैदानापलीकडच्या चिऱ्याच्या इमारतीत, साधारण ८० मीटरवर. कोटेशनमध्ये २४ पोर्टचा १०/१०० स्विच, दोन वायफाय राउटर, कॅट ६ केबलचे तीन बॉक्स, आरजे ४५ कनेक्टरचं (केबलच्या टोकाला लावायच्या प्लगचं) पाकीट आणि 'मुख्य इमारत ते लॅब केबल, खांबावरून' अशी एक ओळ आहे. सरांना हवंय ते हे: यातल्या कशाचं काय काम, काय कमी करता येईल, सगळं वायफायवर चालवलं तर केबलचा खर्च वाचेल का, आणि कपाटात पडलेला जुना आठ पोर्टचा हब वापरता येईल का.

सर, छोटी उत्तरं आधी देतो.

हब भंगारात द्या. हब म्हणजे दवंडी. एका पोर्टवर जे आलं ते उरलेल्या सगळ्या पोर्टवर जसंच्या तसं पिटतो, कुणासाठी आहे ते बघत नाही. दोन संगणक एकाच वेळी बोलले की टक्कर, मग दोघांनी थांबायचं आणि पुन्हा पाठवायचं. स्विच दिसायला तसाच डबा असतो, पण कुठल्या पोर्टवर कुठल्या मॅक ॲड्रेसचं यंत्र आहे ते तो शिकून ठेवतो आणि ज्याचं त्याला देतो. मॅक ॲड्रेस म्हणजे नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळालेला ४८ बिटांचा क्रमांक. त्यातले पहिले २४ बिट कुठल्या कंपनीचं कार्ड आहे ते सांगतात.

वायफायवर लॅब चालवू नका. वायफायवर सगळी यंत्रं एकाच हवेत बोलतात आणि एका वेळी एकालाच बोलता येतं. त्यामुळे डब्यावर लिहिलेला वेग चोवीस मुलांत वाटला जातो, आणि वाटणीतही बराच सांडतो. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न अडखळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर, पण चिऱ्याची जाड भिंत आली की तो सिग्नल बसतो. शिक्षकांचे मोबाइल, एखादा लॅपटॉप यांच्यासाठी एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा, जरूर लावा. जागेवरून न हलणाऱ्या यंत्राला मात्र केबलच.

आता मोठं उत्तर. कोटेशनमध्ये सगळ्यात महाग पडणारी ओळ ती शेवटची आहे, जिच्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.

'मुख्य इमारत ते लॅब केबल, खांबावरून.' ८० मीटर म्हणजे तांब्याच्या इथरनेट केबलची १०० मीटरची मर्यादा पाळली जाते, म्हणून व्हेंडरला त्यात काही वावगं वाटलं नसावं. (ही मर्यादा भिंतीतली ९० मीटर पक्की केबल आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डना, म्हणजे जोडायच्या छोट्या केबलना, मिळून १० मीटर अशी मोजतात.) अंतराची अडचण नाहीच. अडचण विजेची आहे, तीही दोन प्रकारच्या विजेची. दोन इमारतींना दोन वेगळी अर्थिंग असतात, आणि आपल्याकडच्या जांभ्या दगडात ती मुळातच नीट लागत नाहीत. मे महिन्यातल्या वळवात किंवा परतीच्या पावसात जवळपास कुठे वीज पडली की क्षणभर एका इमारतीची जमीन दुसरीपेक्षा हजारो व्होल्टनी वर जाते. दोघींमध्ये तांब्याची तार असेल तर तो फरक त्या तारेतून वाट काढतो. इथरनेट पोर्टच्या आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यांची विलगता १५०० व्होल्टपर्यंत धरलेली असते. विजेपुढे ती काहीच नाही. आधी स्विचचा तो पोर्ट जातो, मग कधी कधी अख्खा स्विच, आणि नशीब वाईट असेल तर संगणकांच्या मदरबोर्डवरचे लॅन पोर्टही. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डांत हा प्रकार ठरलेला.

म्हणून दोन इमारतींमध्ये फायबर टाका. काचेतून वीज जात नाही, विषय संपला. घेताना सिंगल मोड, म्हणजे लांब पल्ल्याचं, घ्या. ८० मीटरला कमी पल्ल्याचं मल्टिमोडही पुरेल, पण गावात सामान, कनेक्टर आणि हात बसलेला माणूस सिंगल मोडचाच मिळतो. लागणार एक किंवा दोन कोअर, म्हणजे काचेचे तंतू, पण चार किंवा सहा कोअरची केबल ओढा. केबलच्या किमतीत फरक थोडा पडतो, पुन्हा चर खणायला किंवा खांब चढायला मात्र पूर्ण मजुरी लागते. आर्मर्ड केबल उंदरांपासून वाचवते, पण तिच्यातलं लोखंड हाही धातूच. ते आत यंत्रांपर्यंत येता कामा नये, इमारतीत शिरतानाच अर्थला जोडायला हवं. ती भानगड नको असेल तर मधला आधार धातूऐवजी एफआरपीचा, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचा, असलेली केबल मागा आणि पाइपातून न्या. केबल वाकवताना गोलाई सांभाळा. साध्या फायबरसाठी तीनेक सेंटिमीटर त्रिज्येच्या खाली गेलात की प्रकाश कडेने गळायला लागतो. तार तुटत नाही, लिंक मात्र कमजोर होते, आणि असा दोष शोधायला अर्धा दिवस जातो.

फायबर दोन्ही टोकांना कशाला जोडायचं? दोन रस्ते आहेत. स्विचमध्ये एसएफपीची खाच असेल तर तिच्यात बोटाएवढं एसएफपी मॉड्यूल बसतं आणि फायबर थेट स्विचमध्ये येतं. तसं नसेल तर मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे एका बाजूला फायबर आणि दुसऱ्या बाजूला आरजे ४५ असलेली छोटी डबी. एकाच कोअरवर दोन्ही दिशांना बोलणारे कन्व्हर्टर ए आणि बी अशा जोडीने येतात: एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट. दुकानदाराने दोन्ही ए दिले तर काही केल्या लिंक येत नाही आणि दोष केबलवर ढकलला जातो. डबीखालचं लेबल बघूनच पैसे द्या. एसएफपीचंही तसंच. बायडी प्रकारचे, म्हणजे एकाच कोअरवर दोन्ही दिशांना बोलणारे, घेतलेत तर जोडी जुळलेली हवी.

फायबरची टोकं जोडायला, म्हणजे स्प्लाइसिंगला, मशीन लागतं. ते विकत घ्यायची गरज नाही. तालुक्याच्या केबलवाल्याकडे किंवा ब्रॉडबँडचं काम करणाऱ्या पोरांकडे ते असतं, टोकामागे पैसे घेऊन करून देतात. स्प्लाइस केलेली टोकं उघडी लोंबकळत ठेवू देऊ नका, छोट्या टर्मिनेशन बॉक्समध्ये बसवून घ्या. एक बारीक गोष्ट: हिरव्या कनेक्टरचं तोंड ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. ऑफिसातल्या तुमच्या इंटरनेटच्या डब्यात बहुतेक हिरवा येतो, एसएफपी आणि कन्व्हर्टरमध्ये निळा लागतो. हिरवा निळ्यात घुसतो, पण बसत नाही. घुसवलात तर तोंड खराब होतं. आणि मुलांना ठासून सांगा की फायबरच्या टोकात डोळा घालून बघायचं नाही. आतला प्रकाश दिसत नाही, पण लेझर आहे.

आता ऑफिसातल्या त्या डब्याकडे येऊ. लोक त्याला राउटर म्हणतात, तांत्रिक नाव ओएनटी. त्याच्या पोटात तीन-चार यंत्रं असतात. पहिलं काम प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर. तुमचं कनेक्शन जीपॉनचं (एकच फायबर अनेक घरांत वाटण्याच्या पद्धतीचं) असेल तर कंपनीचा प्रकाश १४९० नॅनोमीटरवर येतो आणि तुमचा १३१० वर जातो. कंपनीची २.५ गिगाबिटच्या आसपासची एक लाइन स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, म्हणून संध्याकाळी वेग घसरतो. दुसरं काम राउटरचं: शाळेतल्या सगळ्या यंत्रांचे खासगी पत्ते, म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारे, एका बाहेरच्या पत्त्यामागे लपवायचे. तिसरं काम डीएचसीपीचं, प्रत्येक यंत्राला पत्ता वाटून द्यायचं. चौथं वायफाय, आणि मागचे चार लॅन पोर्ट म्हणजे एक छोटा स्विच. पॉनचा दिवा स्थिर हिरवा असेल तर बाहेरची लाइन ठीक. एलओएस लाल झाला तर प्रकाशच येत नाहीये. तेव्हा लॅबमधल्या केबल उपटत बसू नका, कंपनीला फोन करा.

म्हणजे राउटर तुमच्याकडे आधीच आहे. मग कोटेशनमधले दोन कशाला? व्हेंडरला लॅबमध्ये वायफाय द्यायचं असणार, तेवढ्यासाठी एक पुरे, आणि तोही राउटर म्हणून लावायचा नाही. नवा राउटर तसाच लॅनमध्ये, म्हणजे शाळेच्या आतल्या नेटवर्कमध्ये, खुपसला तर एका नेटवर्कवर दोन डीएचसीपी पत्ते वाटायला बसतात. निम्म्या मुलांचं नेट चालतं, निम्म्यांचं चालत नाही, उद्या भलत्याच निम्म्यांचं. त्याचा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठीचा, वापरला तर एका राउटरमागे दुसरा बसतो. नेट चालतं, पण त्याच्यामागच्या यंत्रांना ऑफिसातून फाइल किंवा प्रिंटर दिसत नाही. उपाय सोपा: त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला मोकळा पत्ता द्या (ओएनटी १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ चालेल, फक्त तो डीएचसीपीच्या वाटपात येत नाही ना ते बघा), आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये घाला. झाला ॲक्सेस पॉइंट. नाहीतर सरळ छताला लावायचा ॲक्सेस पॉइंट घ्या, त्याला वीजही लॅन केबलमधूनच देता येते. ती पीओई. साध्या ८०२.३ एएफ प्रकारात स्विचच्या पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत मिळतात, एका ॲक्सेस पॉइंटला किंवा कॅमेऱ्याला भरपूर.

आता स्विच. २४ संगणकांना २४ पोर्ट, हिशेब जुळला असं वाटतं. मोजून बघा: २४ मुलांचे, एक शिक्षकांचा, एक प्रिंटर, एक ॲक्सेस पॉइंट. झाले २७, आणि ऑफिसकडून येणारी लाइन वेगळी. पोर्ट पहिल्याच दिवशी कमी पडणार आणि मग कुणीतरी टेबलाखाली पाच पोर्टचा प्लास्टिकचा डबा चिकटवून मोकळा होणार. माझा सल्ला: एसएफपी खाच असलेला २४ पोर्टचा गिगाबिट स्विच आणि जोडीला ८ पोर्टचा गिगाबिट पीओई स्विच. दोन्ही एकमेकांना जोडायला दोन पोर्ट जातात, ३० उरतात, फायबर एसएफपीमध्ये येतं. ॲक्सेस पॉइंट पीओई पोर्टवर टाका. पुढे कॅमेरे लागले तरी जागा आहे.

'१०/१००' वर काट मारा. इंटरनेट १०० एमबीपीएसचंच आहे तर गिगाबिट कशाला, असं व्हेंडर म्हणेल. लॅबमध्ये निम्मी वाहतूक इंटरनेटची नसतेच. शिक्षकांच्या संगणकावरून २ जीबीचं एक सॉफ्टवेअर चोवीस जणांना द्यायचंय असं धरा. एकूण ३८४ गिगाबिट. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून कागदावरच ६४ मिनिटं लागतात, म्हणजे तास संपला. गिगाबिटवर साडेसहा मिनिटं. प्रत्यक्षात दहा धरा.

शक्य असेल तर लूप ओळखणारा स्विच घ्या, स्मार्ट किंवा मॅनेज्ड प्रकारातला. शाळेत हे होतंच: एखादी मोकळी केबल दिसते, कुणीतरी चांगुलपणाने तिची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचतं, आणि एकच संदेश गोल गोल फिरत वाढत जातो. स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकतात आणि पूर्ण लॅब आडवी होते. यावरचा स्पॅनिंग ट्री हा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला. पण सगळ्यात स्वस्त स्विचमध्ये तो अजूनही का नसतो, हे मला कळलेलं नाही.

केबल. इथे तुमचे पैसे वाचतात आणि इथेच फसवणूकही होते. २७ पॉइंट, सरासरी १८ मीटर धरले तर ४८६ मीटर. एका बॉक्समध्ये ३०५ मीटर असतात, म्हणजे दोन बॉक्समध्ये काम भागतं. तिसऱ्याचे पैसे फायबरला लावा. कॅट ५ई चालली असती का? गिगाबिटला १०० मीटरपर्यंत चालते, खोटं कशाला बोलू. पण कॅट ६ मधून ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट जातं आणि भिंतीतली केबल स्विचच्या दोन-तीन पिढ्या बघते. फरकाचे पैसे द्या.

फक्त 'कॅट ६' एवढ्या शब्दावर पैसे देऊ नका. कोटेशनमध्ये 'सॉलिड बेअर कॉपर, २३ एडब्ल्यूजी' असं लिहून घ्या (एडब्ल्यूजी हे तारेच्या जाडीचं माप). बाजारात सीसीए नावाची केबल मिळते, आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. कुठल्याच मानकात ती बसत नाही. रोध जास्त, पीओई दिली की तापते, आणि पंचिंग करताना, म्हणजे जॅकमध्ये दाबून बसवताना, तार मोडते. ओळखायला ब्लेडने तार खरवडा. आत चांदीसारखी पांढरी दिसली की परत करा. मल्टिमीटर असेल आणि बॉक्समधल्या केबलची दोन्ही टोकं हाती लागत असतील तर एका टोकाला एकाच जोडीच्या दोन तारा जोडा आणि दुसऱ्या टोकाला रोध मोजा. ३०५ मीटरच्या कोऱ्या बॉक्सला २३ एडब्ल्यूजीचं शुद्ध तांबं ४० ते ४५ ओहम दाखवेल. ६५च्या पुढे गेलं तर ते तांबं नव्हे.

टोकं कशी बांधतात त्यावर अर्ध्या तक्रारी ठरतात. भिंतीतल्या पक्क्या केबलला थेट आरजे ४५ क्रिंप करून संगणकात खुपसायचा नसतो. संगणकाच्या बाजूला आय/ओ बॉक्स (भिंतीवरचा जॅकचा डबा), स्विच ठेवलेल्या रॅकच्या बाजूला पॅच पॅनल (जॅकची पट्टी), आणि त्यापुढे दोन्हीकडे तयार पॅच कॉर्ड. पक्की केबल एकसंध तारेची असते, रोज हलली की मोडते. पॅच कॉर्ड बारीक तारांची, हलायलाच बनवलेली. यामुळे कनेक्टरचं पाकीट जवळपास लागत नाही, त्या डब्यात आणि पट्टीत बसणारे कीस्टोन जॅक लागतात.

रंगांचा क्रम आपल्याकडे टी ५६८ बी चालतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी शिरते, आणि काही पोरांना ते चुकीचं वाटतं. ती जोड्या सलग लावतात, दोन्ही टोकांना सारख्याच. साध्या लॅन टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, पण केबल चालत नाही, किंवा रडत चालते. कारण ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा एकमेकींना पीळ दिलेल्या जोडीतल्या राहत नाहीत. पीळ असतो तोच मुळी एका जोडीचा गोंगाट दुसरीत जाऊ नये म्हणून. त्याच कारणाने टोकाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही. जॅकमध्ये तार बसवणाऱ्याच्या शेजारी पाच मिनिटं उभे राहा. दोन-दोन इंच पीळ उकलून टेबलावर सरळ करत बसला असेल तर तिथेच थांबवा.

काम झाल्यावर प्रत्येक संगणकावर लिंकचा वेग बघा, विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये दिसतो. सगळीकडे १००० हवा. एखाद्यावर १०० दिसला तर बहुधा ४, ५, ७, ८ पैकी एखादी तार बसलेली नाही. १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर त्या यंत्राला डीएचसीपीकडून काहीच मिळालेलं नाही. केबल बघा, मग स्विच, मग ओएनटी, या क्रमाने.

केसिंग-कॅपिंग करताना डेटा केबल २३० व्होल्टच्या पट्टीतून ओढू देऊ नका. दोन्हींत सात-आठ इंच अंतर ठेवा, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात. रॅक ९ यूचा (यू हे रॅकच्या उंचीचं माप), भिंतीवर, मुलांच्या हाताच्या वर. युपीएस लॅबच्या रॅकला लावालच, पण ऑफिसातल्या ओएनटीला आणि तिथल्या कन्व्हर्टरलाही हवा. तो विसरतात आणि ऑफिसातली वीज गेली की लॅबवाले कंपनीला शिव्या घालतात. दोन्ही यंत्रांना मिळून वीस-पंचवीस वॅट पुरतात, १२ व्होल्टचा छोटा डीसी युपीएस चालून जातो. फक्त दोघांच्या अडॅप्टरवरचा व्होल्टेज बघून घ्या, कन्व्हर्टर बहुधा ५ व्होल्टचा असतो.

बिल चुकतं करण्याआधी तीन गोष्टी हातात घ्या: आय/ओ बॉक्स आणि पॅच पॅनलवर जुळणारे क्रमांक, त्यांचा एका कागदावरचा नकाशा, आणि ओएनटी, स्विच, ॲक्सेस पॉइंट यांचे पासवर्ड. पासवर्ड व्हेंडरच्या मोबाइलमध्ये राहिला की पुढच्या वर्षी साधं वायफायचं नाव बदलायलाही त्याच्या वेळेची वाट बघावी लागते. आणि स्प्लाइसिंगवाल्याला आत्ताच सांगून ठेवा. जून उजाडला की झाडं पडून तुटलेल्या लाइनींमागे ही पोरं रात्रंदिवस पळत असतात, शाळेच्या दोन टोकांसाठी कुणी यायचं नाही.